इंग्लंडमध्ये मृत्युपत्राचे वाद चर्चच्या कोर्टात का चालायचे?

कारण मृत्युपत्र ही मरणाऱ्याच्या आत्म्याशी जोडलेली गोष्ट मानली जाई. जानेवारी १८५८ पर्यंत हा कारभार चर्चकडेच होता, पण फक्त जंगम मालमत्तेपुरता: भांडीकुंडी, गुरंढोरं, रोकड, अंथरूण-पांघरूण. जमिनीचा तंटा राजाच्या कोर्टात. म्हणजे एकाच बापामागे भावंडांनी दोन कोर्टांचे उंबरे झिजवायचे!

वाचण्यासारख्या आहेत त्या साक्षी. साक्षीदाराला एकेकटं बसवून कारकून जबानी उतरवून घेई. म्हातारा शुद्धीवर होता का? खाटेशी कोण होतं? कागद वाचून दाखवला का? शेजारीण, मोलकरीण, सगळ्या बोलत. घरातलं सगळं उघड्यावर येई. तोंडी मृत्युपत्रही चाले. मात्र १६७७ च्या कायद्याने ३० पौंडांवरच्या मालमत्तेसाठी तीन साक्षीदार सक्तीचे झाले.