ह्यूस्टन की अटलांटा?
अमेरिकेत स्थायिक होताना ह्यूस्टन निवडावे की अटलांटा, असा तुमचा प्रश्न आहे. ह्यूस्टन ज्या टेक्सास राज्यात आहे तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही, एवढ्याच कारणावरून ह्यूस्टनचा निर्णय घेऊ नका, असे मी तुम्हांला आग्रहाने सांगेन. कारण तिथला मालमत्ता कर जड आहे आणि घर घेतल्यावर त्या बचतीतला मोठा हिस्सा त्यातच जातो. त्याहून गंभीर प्रश्न पुराचा आहे. ह्यूस्टन अगदी सपाट भूमीवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम 15 मीटर उंचीवर वसले आहे, आणि 2017 च्या हार्वे वादळात नकाशावर पूरक्षेत्राबाहेर दाखवलेल्या हजारो घरांतही पाणी शिरले. म्हणून घर पाहताना पूर्वी पाणी शिरले होते का ते विचारा, भिंतींचा खालचा भाग नव्याने बसवलेला दिसतो का ते वाकून तपासा, आणि नेहमीच्या गृहविम्यात पुराची भरपाई नसल्याने वेगळा विमा घ्या.

अटलांटा सुमारे 300 मीटर उंचीवर, दाट झाडीत आहे. उन्हाळा तुलनेने सुसह्य असतो. मात्र मार्च-एप्रिलमध्ये पाइनच्या परागांचा पिवळा थर गाड्यांवर साचतो, तेव्हा घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मोटारीवाचून दोन्हीकडे अडते. वैद्यकीय क्षेत्रात असाल तर टेक्सास मेडिकल सेंटर या तिथल्या प्रचंड रुग्णालय-संकुलामुळे ह्यूस्टनच योग्य. अन्यथा कायमच्या घरासाठी मी अटलांटा सुचवेन.