महागडे, नवे चहा आणि दुकानातले भारी पदार्थ आणून बघावेसे वाटतात, पण आवडतीलच असं नाही. पैसे वाया जातात का?

पैसे वाया जात नाहीत, पाणी चुकतं. एका डब्यापायी सहा वर्षं घरच्यांचे टोमणे खाल्लेत, म्हणून छातीठोकपणे सांगते.

डबा होता ग्योकुरोचा. हा जपानी हिरवा चहा तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत वाढवतात. त्यामुळे पानात थिअनिन हे चव देणारं द्रव्य टिकून राहतं आणि चव गोडसर, सूपसारखी भरलेली लागते. हे सगळं मी वाचलं होतं, डब्यावरची कृती तेवढी वाचली नव्हती. सगळे जमल्यावर थाटात कप मांडले, खळखळ उकळतं पाणी ओतलं आणि गप्पांच्या नादात पानं दहा मिनिटं तशीच ठेवली. दादाने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "कुंपण छाटलं की खाली पडतं, ते उकळलंयस का गं?" सगळे हसले. मीही हसले. पण कप कोणालाच संपवता आला नाही, मलासुद्धा. तेव्हापासून घरात काही नवं आणलं की पहिला प्रश्न, "कुंपण नाही ना?"

वर्षभराने गुपचूप दुसरा डबा आणला. पाणी 50 ते 60 अंश, पानं दोनच मिनिटं. हा तोच चहा यावर विश्वास बसेना. कडवटपणा आणणारी कॅटेचिन गरम पाण्यात भराभर उतरतात, एवढंच गणित होतं. साध्या हिरव्या चहाला 70 ते 80 अंश पुरे, काळ्याला मात्र उकळतंच हवं.

दादाने हा दुसरा डबा आजतागायत चाखलेला नाही. मत मात्र कायम! आणि याच माणसाने ट्रफल (जमिनीखाली वाढणारी महागडी, सुवासिक अळंबी) तेलाची बाटली पाहुण्यांना दिसावी म्हणून खिडकीत, उन्हात ठेवली आहे. बहुतेक ट्रफल तेलांत तो वास प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनाचा असतो. लेबलवर बारीक अक्षरात 'सुगंध' असं लिहिलेलं असतं, वाचा म्हणावं. ऑलिव्ह तेल घ्याल तर काढणीची तारीख बघा, बाटली गडद आणि लहान घ्या. उजेड आणि हवा लागली की तेल खवट होतं. चांगलं चीज खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवा, गारठलेल्या चीजला चवच नसते. आणि घरात कोणी दादासारखं असेल तर त्याच्यासाठी कप मांडूच नका.

एवढं ठासून लिहिलं खरं, पण लापसांग सूचोंग मला अजून जमलेला नाही. पाइनच्या धुरावर वाळवलेला तो चहा कसाही केला तरी विझलेल्या शेकोटीसारखाच लागतो. तेव्हा आधी दहा-वीस ग्रॅमचं पाकीट घ्या, डबा नंतर. ग्योकुरोत कॅफीन बरंच असतं, रात्री प्यायलात आणि झोप उडाली तर मला बोल लावू नका.