वहीतून गोडाऊन कुठे गेलं?

"ताई, मी देवाला सोडलं नाही हो. पण पूर्वीसारखं काही राहिलं नाही. कधी दुरावलो, तेच कळलं नाही." शब्द थोडे इकडचे तिकडे, पण ही तक्रार घेऊन माझ्याकडे सतत कुणी ना कुणी येतं. भक्तिभाव आटला, असं त्यांना वाटतं. मी भावनेच्या फार मागे लागत नाही. देवाशी कोणत्या गोष्टीबद्दल बोलणं थांबलं, एवढंच विचारते.

हा प्रश्न मला एका गृहस्थांमुळे सापडला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गोडाऊनची जबाबदारी सांभाळणारे, चर्चमधली रविवारची उपासना न चुकवणारे. रोजची प्रार्थना वहीत लिहायचे. तीन भेटी उपवास आणि वचनवाचनावर बोलण्यात गेल्या, हाती काही लागलं नाही. चौथ्या भेटीला मी वह्या मागवल्या.

जुनी पानं समासापर्यंत भरलेली. मुलांचं आजारपण, साहेबांची भीती, गोडाऊनमधली भांडणं, सगळं नावानिशी. पुढे पानं अर्ध्यावर थांबू लागली. शेवटी रोज त्याच चार ओळी: आरोग्य दे, घरावर कृपा ठेव.

"यातून गोडाऊन कुठे गेलं?" मी विचारलं.

ते बराच वेळ पानं मागे उलटत राहिले. मग एका पानावर बोट ठेवलं.

"इथपर्यंत आहे. त्या आठवड्यात माल आलेला नसताना चलनावर 'मिळाला' म्हणून पहिली सही केली. दोन दिवसांत माल आलाही, ताई. कुणाचं काही बुडालं नाही."

"मग देवाला का नाही सांगितलंत?"

त्यांचा आवाज फुटेना. "सांगितलं असतं, तर पुढची सही करता आली नसती."

इतक्या वर्षांत यापेक्षा खरं उत्तर मी ऐकलेलं नाही. तडजोड सुरू होते तेव्हा माणूस देवाला नाकारत नाही. एक विषय बाजूला ठेवतो, आणि तो टाळता टाळता प्रार्थनाच आखूड होते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातला लोट, अब्राहामाचा पुतण्या, बघा. १३व्या अध्यायात त्याचा तंबू सदोमाजवळ, पापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या नगराजवळ येतो, १४व्यात तो सदोमात राहतो, १९व्यात नगराच्या वेशीत, जिथे प्रमुख मंडळी बसत तिथे, बसलेला दिसतो. त्याने देव सोडल्याचं एकही वाक्य मध्ये नाही.

म्हणून "पुन्हा ओढ वाटू दे, मग वागणं सुधारेन" हा क्रम मी उलटा करते. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात इफिस शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, पहिली प्रीती सोडली होती. तिला सांगितलं काय? आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. आधी उमाळा येऊ दे, असं तिथे म्हटलेलं नाही. तुमचंही असं झालं असेल, तर नवे नेम लावून घेऊ नका. टाळलेला विषय शोधा, त्याच्या नावानिशी देवापुढे मांडा, आणि त्यातली एक कृती याच आठवड्यात थांबवा. नुसत्या कबुलीवर थांबलेली माणसं काही महिन्यांत परत येतात, हे मी पाहिलं आहे.

पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. एकच ओळ होती: "आज चलनावर सही केली नाही. साहेब रागावलेत. प्रभू, मला फार भीती वाटते आहे."

गोडाऊन वहीत परत आलं होतं.