रेडिओवरचा माणूस समाजाचा पुढारी होऊ शकतो का? अमेरिकेतल्या लॅटिनो समाजात असं कुणी झालंय का?

झालंय की! राऊल कोर्तेझ. जन्म मेक्सिकोतला, पण नाव काढलं ते टेक्सासातल्या सॅन अँटोनियोत.

मी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होतो. पहाटेची सभा नेहमी माझ्याच गळ्यात पडायची, म्हणून यांची गोष्ट मला जरा जास्तच जवळची वाटते. तिकडे स्पॅनिश कार्यक्रमवाल्यांना इंग्रजी स्टेशनकडून वेळ विकत घ्यावा लागे. मिळायची ती बहुतेक कुणाला नको असलेली, पहाटेची नाहीतर रात्री उशिराची वेळ. जाहिरातीही आपणच गावभर फिरून आणायच्या. कोर्तेझ याच रस्त्याने धंदा शिकले. १९४४ साली त्यांनी स्वतःच्या स्टेशनसाठी अर्ज केला. महायुद्धामुळे परभाषेतल्या माध्यमांवर बंधनं होती, तर या गृहस्थांनी अर्जात लिहिलं की मेक्सिकन समाजाला युद्धकार्यात ओढायला हे स्टेशन उपयोगी पडेल! १९४६ मध्ये केसीओआर हे त्यांचं स्पॅनिश स्टेशन सुरू झालं.

दोनच वर्षांत ते लुलॅकचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, आणि लागोपाठ दोनदा. लुलॅक ही १९२९ ची, लॅटिनो नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणारी जुनी संघटना. टेक्सासात तेव्हा मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळांत बसवत. लुलॅकच्या पाठबळावर लढलेल्या डेलगाडो खटल्यात १९४८ साली हे बेकायदा ठरलं. पळवाट मात्र राहिली: इंग्रजी येत नाही म्हणून पहिलीच्या मुलांचा वर्ग त्याच आवारात वेगळा ठेवायला मुभा होती. पुढे १९५५ मध्ये कोर्तेझनी टीव्ही केंद्रही काढलं. पण ते बघायला घरच्या सेटला वेगळा कन्व्हर्टर लावावा लागे, तो कितीजण घेणार? १९६१ मध्ये विकावं लागलं. आजच्या युनिव्हिजन या अमेरिकेतल्या स्पॅनिश टीव्ही नेटवर्कचं मूळ तिथे आहे.

आता निवेदकाला नेतृत्व जमतं का, या तुमच्या प्रश्नाबद्दल. माझ्या मते आवाजापेक्षा स्टेशनचा परवाना कुणाच्या नावावर आहे, हे जास्त महत्त्वाचं. लॉस एंजेलिसचे पेद्रो गोन्झालेझ बघा. एकेकाळी मेक्सिकन क्रांतिकारक पांचो व्हियाच्या सैन्यात तारा पाठवणारे. १९३० च्या आसपास कामावर निघालेले मजूर पहाटे चार वाजता त्यांचा 'लोस माद्रुगादोरेस' हा कार्यक्रम ऐकत. नावाचा अर्थच पहाटे उठणारे. मंदीच्या काळात मेक्सिकन लोकांना हद्दपार केलं जात होतं, त्याविरुद्ध ते माइकवरून बोलत. लोकप्रियता अफाट, पण स्टेशन दुसऱ्याचं. १९३४ मध्ये बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली, शिक्षा पन्नास वर्षांपर्यंतची. आरोप करणाऱ्या मुलीने नंतर साक्ष मागे घेतली, तरी सुटका नाही. बायकोने लोकांना घेऊन मोहीम चालवली. सहा वर्षं सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात काढल्यावर १९४० साली सोडलं, ते थेट मेक्सिकोत पाठवून.

तिहुआनात, म्हणजे सरहद्दीला अगदी लागून, ते पुन्हा रेडिओवर बोलू लागले.