घरच्या १४ इंची बँडसॉवर ८ फुटी सागवानी फळ्या उभ्या चिरताना पातं भरकटतं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पेठेतल्या पाडलेल्या वाड्याची तुळई मिळाली, तिच्या ८ फूट लांब, ५ इंच रुंद, २ इंच जाड फळ्या काढल्या. आता एकीच्या दोन करायच्यात, पण बँडसॉला (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या करवतीला) नवं पातं लावूनही काप एका बाजूला सरकतो.

आधी एक सांगा, अखंड ८ फूट खरंच लागणार आहेत का? कपाटाची दारं करायची असतील तर आधी अडीच-अडीच फुटांचे तुकडे पाडा आणि मग चिरा. निम्मी कटकट तिथेच मिटते. पलंगाची बाजू वगैरे असेल तर मात्र पुढचं वाचा.

अशी एक फळी साधारण १० किलो भरते आणि आपल्या मशीनचं टेबल जेमतेम सव्वा फूट. सुरुवातीला मागचं टोक लोंबतं आणि पुढचं टेबलावरून उचलतं. ते दाबायच्या नादात आपण फळी नकळत कडेलाही रेटतो, आणि बोल पात्याला लागतो. माझी दोन चांगली पाती याच गैरसमजात गेली. मग रोलर स्टँड आणले, तर नवीनच भानगड. रोलर किंचित तिरका राहिला की फळी त्याच्या मर्जीने चालते! आता दोन्हीकडे सुतारी घोड्यांवर (लाकूड टेकवायच्या तिवयांवर) सनमायका लावलेल्या प्लायच्या पट्ट्या ठेवतो आणि वर मेण घासतो. पलीकडची पट्टी टेबलापेक्षा कागदभर खाली, म्हणजे फळीचं तोंड अडकत नाही. पलीकडे माणूस असेल तर त्याला बजावून ठेवा, नुसतं धरायचं, ओढायचं नाही. माझ्या भाच्याने उत्साहाने ओढलेली एक फळी एका टोकाला ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि दुसऱ्या टोकाला ४ सूत निघाली.

पातं अर्धा इंची, इंचाला ३ दाते. पाऊण इंची घेऊ नका, १४ इंची मशीनला ते नीट ताणवत नाही. दाते विरळ हवेत, कारण ५ इंच उंचीच्या कापातला भुसा दात्यांमधल्या खाचांतूनच बाहेर येतो. खाच भरली की पातं तापतं आणि वाट सोडतं. म्हणून सावकाश ढकला, पण मध्ये थांबू नका. सागात सिलिका असते, तिने साध्या पात्याची धार लवकर मरते.

फळीचा एक चेहरा आणि एक कड रंधून गुण्यात (एकमेकांना काटकोनात) घेतल्याशिवाय मशीनला लावूच नका. मग एका टाकाऊ तुकड्यावर कडेला समांतर रेघ मारा, फेन्स (फळी टेकवून सरळ ढकलायची टेबलावरची पट्टी) न लावता मशीनवर हातानेच ढकलत रेघेवरून अर्ध्यापर्यंत कापा आणि थांबा. तुकडा ज्या कोनात आहे त्याच कोनात फेन्स लावा. फेन्सची उंची फळीच्या रुंदीइतकी, वरचं गाईड (पात्याला डगमगू न देणारा आधार) लाकडापासून २ सुतांवर. शेवटचा वीतभर भाग हाताने नाही, ढकलकाठीने.

वाड्याच्या लाकडात खिळे असतातच. चुंबक फिरवा, काळा डाग दिसला की तिथे टोकरून बघा, कारण लोखंडाभोवती साग काळा पडतो. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटमधल्या सॉ मिलवाल्यांकडे मोठं मशीन असतं, पण खिळ्यांच्या धास्तीने जुनं लाकूड म्हटलं की काही जण का-कू करतात. मास्क लावा, सागाची पूड नाकाला आणि कातडीला चावते.

चिरल्या चिरल्या रंधा मारू नका. आतला ओलावा आणि ताण मोकळा झाला की फळी वाकते. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचा, वर वजन ठेवा आणि आठवडाभर विसरून जा. पावसाळ्यात तीन आठवडे. त्यानंतर रंधून हातात सुमारे ५ सूत उरेल, त्या हिशोबानेच डिझाइन करा.