ग्लोबल व्हेरिएबलमधलं कार्ट मध्येच रिकामं का होतं?

तुमच्या प्रश्नानुसार नाशिकच्या द्राक्षबागायतदारांसाठी फ्लास्कमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) केलेल्या ॲपमध्ये पेट्यांचं कार्ट ग्लोबल डिक्शनरीत, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतल्या सामाईक व्हेरिएबलमध्ये आहे. लॅपटॉपवर नीट चालतं, सर्व्हरवर कधी दिसतं, कधी गायब. गुनिकॉर्नचे (सर्व्हरवर पायथन ॲप चालवणारा प्रोग्राम) चार वर्कर चालू आहेत असंही तुम्ही लिहिलंय, तिथेच घोळ आहे. प्रत्येक वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस, तिची मेमरी वेगळी. पिंपळगावच्या गिऱ्हाइकाने पेटी टाकली ती पहिल्या वर्करकडे. पुढची रिक्वेस्ट तिसऱ्याकडे गेली तर त्याला त्या पेटीचा पत्ताच नसतो. एकच वर्कर ठेवून वेळ मारून नेऊ नका, रीस्टार्ट झाला की सगळं जाणारच.

कुकीत (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) फक्त सेशन आयडी, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळखखूण ठेवा, कार्ट रेडिसमध्ये (सगळ्या वर्करना सामाईक असा वेगळा डेटासाठा) किंवा डेटाबेसमध्ये, म्हणजे कुठल्याही वर्करला ते सापडेल. फ्लास्कचं मूळ सेशन अख्खं कुकीतच बसतं. त्यावर डिजिटल सही असते, म्हणजे कुणी फेरफार केला तर कळतो, पण मजकूर वाचता येतो, आणि साधारण ४०९६ बाइटपलीकडची कुकी ब्राउझर घेत नाहीत.

खरी काळजी शिल्लक पेट्यांची घ्या. आधी आकडा वाचायचा, मग पायथनमध्ये एक वजा करून परत लिहायचा, असं केलंत तर एखाद्या दिवशी शेवटची पेटी दोघांना विकली जाईल आणि बोलणी शेतकऱ्याला खावी लागतील. वजाबाकी डेटाबेसलाच एका अपडेट क्वेरीत (नोंद बदलायच्या आज्ञेत) करू द्या, 'शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच' ही अट त्यातच घालून. मग टेबलातल्या किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर गिऱ्हाइकाला लगेच 'पेट्या संपल्या' दाखवा.