गाणी तोंडपाठ असताना बँड प्रत्यक्ष कशाला बघायचा?

तुम्ही विचारलंय की ज्या रॉक बँडची गाणी वर्षानुवर्षं ऐकून तोंडपाठ झालीयेत, त्याचा लाइव्ह शो बघून वेगळं काय मिळतं? घरी चांगल्या स्पीकरवर आवाज उलट जास्त स्वच्छ येतो.

येतो, खरंच येतो. तो मुद्दा तुमचा, मी वाद घालणार नाही. शोमधला आवाज कधी बोजड असतो, कधी वाऱ्याबरोबर वाहवत जातो, आणि बेस इतका असतो की पोटात गोळा येतो. पण आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, आणि त्यांच्या गाण्यांत नेमकं कोण काय करतंय हे मला त्यांना समोर बघितल्यावर कळलं.

1999 साली गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ बँडमध्ये परतले. त्या वेळी मधल्या काळात आलेल्या यानिक गेर्सला कुणी काढलं नाही, त्यामुळे गिटारवाले तीन झाले. रेकॉर्डिंगवर या तीन गिटार्स एकमेकींत इतक्या मिसळतात की हेडफोन लावून डोकं खाजवत बसलं तरी सगळं उलगडत नाही. स्टेजवर दोन मिनिटांत उलगडतं. डेव्ह मरे गालातल्या गालात हसत उभा असतो, त्याचे सूर एकातून एक ओघळत येतात आणि बोटं मात्र जेमतेम हलताना दिसतात. स्मिथ प्रत्येक सूर मोजूनमापून ठेवतो. गेर्स गिटार गळ्याभोवती गरगर फिरवतो, तंगड्या उडवतो. जुने चाहते त्याला नाचऱ्या म्हणून नाकं मुरडतात. मला तो आवडतो. तिघंही खांबासारखे उभे राहून वाजवायला लागले तर बघायचं काय?

पण माझी नजर सारखी जात होती ती स्टीव्ह हॅरिसकडे. 1975 मध्ये पूर्व लंडनमध्ये हा बँड त्यानेच काढला. बेस गिटार वाजवायला तो पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही, सगळं बोटांवर. मेडनची ती ओळखीची दौड, एक लांब ठोका आणि मागोमाग दोन आखूड, रेकॉर्डवर ऐकताना मी कायम ड्रमची धरत आलो होतो. समोर बघितलं तर ती त्याच्या उजव्या हातात होती. एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर, बेस बंदुकीसारखा लोकांवर रोखलेला, आणि गातोय ब्रूस तरी ओठ याचेही हलतायत. बोटं गाणंभर थांबत नाहीत. त्या दिवसापासून घरी तीच गाणी लावली की माझा कान आधी बेस शोधतो. शोमधून घरी काय आणलं म्हणाल, तर हे.

ड्रमर निको मॅकब्रेन मात्र जवळजवळ दिसलाच नाही. एवढे टॉम्स (छोटेमोठे ड्रम) आणि सिंबल्स (झांजा) रचलेले की मागे माणूस आहे हे अंदाजानेच समजायचं. अनवाणी पायाने, मोठ्या ड्रमच्या एकाच पेडलवर तो हे सगळं वाजवतो हे माहीत असल्यामुळे मी माना लांब करकरून बघत होतो. व्यर्थ.

दुसरी गोष्ट गर्दीची. मेडनचा शो सुरू होण्याआधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ हे जुनं गाणं लावतात. मैदानात नवखा कोण आणि मुरलेला कोण, ते या एका क्षणी कळतं. स्टेजवर कुणी नाही, काही हललेलं नाही, आणि अर्धी गर्दी किंचाळायला लागते. उरलेले एकमेकांची तोंडं बघतात.

‘फिअर ऑफ द डार्क’च्या वेळी तर लोक शब्द नाही, सुरुवातीची गिटारची धून गातात. हजारो माणसं, ओ-ओ करत. 1992 च्या मूळ रेकॉर्डिंगवर हा आवाज नाही, त्यामुळे आता ते मला अर्धवट वाटतं. यात एक गंमत आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर उभा असलेला माणूस सूर जवळपास 0.3 सेकंद उशिरा ऐकतो आणि तेवढाच उशिरा गातो. मध्ये उभं राहिलं की पुढची लाट आणि मागची लाट वेगवेगळी येऊन आदळते. मागे स्पीकर लावतात, पण पुढच्या आवाजाशी मेळ बसावा म्हणून त्यांचा आवाज मुद्दामच उशिरा सोडतात. लांबून बघाल तर काठी ड्रमवर आधी पडते, धाडकन मग ऐकू येतं.

निराशाही होते, ती लपवत नाही. तुमचं सगळ्यात लाडकं गाणं बहुधा वाजणार नाही. गाणी रेकॉर्डपेक्षा जलद जातात, वरच्या पट्टीतल्या काही ओळी गायक सरळ गर्दीवर सोडून देतो. नवं गाणं सुरू झालं की बरेच जण पाणी प्यायला निघतात. या बँडने तर 2006 मध्ये तेव्हाचा नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला होता आणि भरपूर बोलणी खाल्ली होती. माझ्या मते बरोबर केलं. नुसती जुनी गाणी हवी असतील तर तुमचा स्पीकर आहेच की.

जायचं ठरवलंत तर अगदी पुढे घुसू नका. मैदानात साउंड इंजिनिअरचं मिक्सिंग डेस्क जिथे असतं तिथे आसपास उभे राहा. तो जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो, त्यामुळे सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं. इअरप्लग घ्या, संगीतासाठी बनवलेले. फोमचे वरचे सूर खाऊन टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि तीही कानाला काही कमी नाही. फोनवर एखादं गाणं घ्या हवं तर, पण पूर्ण शो हात वर करून उभे राहू नका, मागच्यांचे शाप लागतात.

आणि पुढच्या दौऱ्याला बघू, असं म्हणू नका. ब्रूसला जिभेच्या मुळाशी कर्करोग झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, तेव्हा तो पुन्हा गाईल की नाही हीच शंका होती. सुदैवाने गायला. निकोने मात्र डिसेंबर 2024 मध्ये दौरे कायमचे थांबवले. आता त्याच्या जागी सायमन डॉसन बसतो.